मँचेस्टरच्या बैलाला आवतन

मँचेस्टर,
सोमवार, ३ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप गं. भा. सासूबाईंच्या चरणी उर्मिलेचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. यांच्या कापड-कॉलेजला सध्या सुट्टी आहे, म्हणून एका गिरणीत हातानं काम शिकायला जातात. सकाळी सातला गेले की संध्याकाळी केसांत कापूस घेऊन परत येतात. तुम्ही दिलेली लोकरीची बंडी रोज घालतात, काळजी नसावी.

आज एक गंमत झाली, ती लिहिते. आमच्या घरमालकीण मिसेस हार्टली वयानं साठीच्या, पण कडक बाई. सकाळी मला म्हणाल्या, "सहा महिने झाले, तू या खिडकीतून पाऊस बघते आहेस. तोच पाऊस जरा बाहेर जाऊन बघ." एवढं बोलून स्वतःची छत्री माझ्या हातात दिली आणि प्राणिबागेच्या बसमध्ये बसवूनच दिलं.

इथला पाऊस आपल्यासारखा एकदाचा कोसळून मोकळा होत नाही. दात येणाऱ्या पोरासारखा दिवसभर किरकिर करतो. बागेत माणूस म्हणून दिसत नव्हतं. सिंह आत झोपलेला, अस्वलानं पाठ फिरवलेली, माकडं एकमेकांना बिलगून बसलेली. हत्तीच्या घरात ऊब होती म्हणून तिथं जरा वेळ काढला. मग अगदी शेवटच्या कुंपणाशी आले आणि पाय थांबले. आत बैल!

सासूबाई, आपला बैल. पांढरा, वशिंडाचा, मोठ्या शिंगांचा, थेट आपल्या हिऱ्यासारखा. बाहेर पाटी लावलेली: भारतातला बैल, नांगर ओढतो, ओझी वाहतो, स्वभावानं गरीब. पलीकडे झेब्रा आणि अलीकडे हा. बोरगावच्या शेतावर आपल्या हिऱ्या-चांद्याला बघायला कुणी तिकीट काढून आलं असतं, तर बैल सांभाळणाऱ्या नत्थूजींनी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग दवाखान्यात नेलं असतं. मला हसू आलं. मग आठवलं, उद्या पोळा.

मी कुंपणातून हात घातला. तो जवळ आला. खांद्यावर हात फिरवला तर लोण्यासारखा मऊ, जूचा घट्टा नाही. यानं जन्मात जू पाहिलेलं नाही. हळद-तूप कुठून आणू? छत्रीचं पाणी गळत होतं तेच घेऊन खांदा चोळला, आणि नत्थूजी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळताना म्हणतात तसं मोठ्यानं म्हणून टाकलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मागं वळते तो रखवालदार उभा. काय बोललात, म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, याला उद्या जेवायला बोलावलं. त्यानं टोपीला हात लावला आणि म्हणाला, "जॉर्ज उद्या मोकळाच आहे, बाईसाहेब." बैलाचं नाव जॉर्ज आहे.

आणखी एक विचारायचं होतं. शिक्षण जूनमध्ये संपल्यावर यांना तीन वर्षं इथेच नोकरी देतो, असं गिरणीवाले म्हणतात. नोव्हेंबरअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. यांनी ते माझ्यावर सोपवलं आहे. "तू राहू म्हणशील तर राहू, परत जाऊ म्हणशील तर जाऊ," म्हणाले. आपला काय विचार आहे ते कळवावं.

मी मजेत आहे. वजनही वाढलं आहे.

आपली आज्ञाधारक,
उर्मिला


सौंसर,
१४ सप्टेंबर १९५६

चि. सौ. उर्मिलेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मनाशी आणि एकदा नत्थूजींना मोठ्यानं. जॉर्ज हे नाव ऐकून ते चिलीम भरता भरता थांबले. "ज्या जॉर्ज बाच्छानं मालकाले जेलात टाकलं थोच का, बाई?" म्हटलं, तो वारला, हा दुसरा. तरी दिवसभर मनातून गेलं नसावं. संध्याकाळी पुन्हा विचारलं, "पन खांदा मऊ आहे म्हनते न सूनबाई? मंग हा गरीबच असन."

आपला पोळा चांगला झाला. हिऱ्या म्हातारा झाला, पण झूल घालून तोरणाखाली उभा केला की अजून नवरदेव. शेजारचा विनायक दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमारीची दगडफेक पाहायला गेला आणि कपाळावर टेंगूळ घेऊन आला. नुसतं पाहून राहिलो होतो म्हणतो. पाहून टेंगूळ येत असतं तर आम्हा सगळ्यांनाच आलं असतं.

तू आवतन दिलंस ते लिहिलंस. दुसऱ्या दिवशी जेवायला काय घातलंस ते लिही. तिकडच्या पाण्यात डाळ शिजते का? पोळी फुटली नाही ना?

नोकरीचं तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही. मी इथे ठीक आहे, कुणावाचून माझं काही अडत नाही.

केसरबाई


मँचेस्टर,
२७ सप्टेंबर १९५६

ती. सासूबाईंस साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला चार दिवस लागले. दोन कागद फाडले. हा फाडायचा नाही असं ठरवून बसले आहे.

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. बैलाला जेवायला घातलं नाही. आदल्या दिवशी बोलले ते गंमत म्हणून, असं मनाला सांगितलं, आणि पोळ्याच्या दिवशी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिले. आजारी नव्हते. रडत होते. वजन वाढलं असं लिहिलं तेही खोटं, बांगड्या कोपरापर्यंत चढतात. हे सकाळी जातात तेव्हा मी हसून दार लावते आणि मग दिवसभर कुणाशी मराठीत एक शब्द बोलत नाही. त्या बैलाशी बोलले, तेवढंच.

हे तुमचं पत्र वाचून म्हणाले, "झालं, आईनं परवानगी दिली. राहायचं असेल तर राहू." मला मात्र त्यात एकच ओळ दिसत राहिली. कुणावाचून अडत नाही.

सासूबाई, आज विचारूनच टाकते. रागावलात तरी चालेल, मधे सात समुद्र आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून नऊ महिने तुमच्याजवळ राहिले. त्यात तुम्ही मला कधी वाकडं बोलला नाहीत, पण गोडही बोलला नाहीत. हे इकडे यायचं ठरलं तेव्हा मी काही म्हणायच्या आतच तुम्ही "तिलाही ने" म्हणालात. सगळ्या सौंसरात सुना सासरी राहतात आणि मुलगे शिकायला जातात, मलाच का पाठवलंत? पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडी सुटताना मी पाया पडायला वाकले, तर तुम्ही "ट्रंक सांभाळ" म्हणालात आणि तोंड फिरवलंत. त्या ट्रंकेत तुमचं ते जुनं पितळी पुरणयंत्र होतं. घरातली अडगळ काढावी तसं तुम्ही यंत्र काढलंत आणि त्याबरोबर मलाही, असं मला बोटीवर वाटलं. अजून वाटतं.

माहेरी आई नाही हे तुम्हाला माहीत आहे. काटोलला बाबा आहेत आणि त्यांची शाळा आहे. मी तुम्हाला नको असेन तर इथेच राहू म्हणेन. तीन वर्षं काढीन. फक्त खरं कळवा.

उर्मिला


सौंसर,
९ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. उर्मिलेस आशीर्वाद.

तुझं पत्र मी नत्थूजींना वाचून दाखवलं नाही. बैलाचं तेवढं सांगितलं. ते उठून उभे राहिले. "आवतन देलं अन् जेवाले नाई घातलं? असं करते का कोनी, बाई? थो बैल रस्ता पाहून राहिला असन न!" दोन वेळा गोठ्यात जाऊन आले. तेव्हा ते आधी निस्तर. आवतन शिळं होत नाही. ज्या वर्षी हे गेले त्या वर्षी आपल्या घरी पोळा सुतकात निघाला, तर आम्ही पुढं दसरा झाल्यावर बैलांना पुरण घातलं. त्यांनी काही तारीख विचारली नाही.

आता तुझं.

कुणावाचून अडत नाही, हे मी खोटं लिहिलं. तू वजनाचं लिहिलंस, मी हे लिहिलं. फिट्टंफाट.

बेचाळीस साली तुझ्या सासऱ्यांना धरून नेलं, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या जेलातून निरोप आला की ते तापानं आजारी आहेत, घरच्यांनी भेटून जावं. नत्थूजींनी दमणीला बैल जुंपले. शिदोरी बांधून, अकरा वर्षांच्या अरविंदाला मांडीशी घेऊन मी दमणीत बसले होते. माझ्या सासूबाई उंबऱ्यात आल्या आणि म्हणाल्या, "बाईनं घर सोडलं का घर सुटते. उतर खाली." मी उतरले. नत्थूजींनी बैल सोडले. ते बरे झाले, दीड वर्षानं घरीही आले, मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण मरेपर्यंत त्यांना तापाची कणकण आली की मला ती जुंपलेली दमणी दिसायची. त्या दिवशी अंगणात उभं राहून मी ठरवलं होतं, माझ्या सुनेची जुंपलेली दमणी मी सोडायला लावणार नाही. म्हणून "तिलाही ने" म्हटलं. गावात बायका म्हणाल्या, केसरबाईला सून जड झाली. म्हणू दिलं.

स्टेशनवर तोंड फिरवलं, कारण तोंडात "जाऊ नको" आलं होतं. तुझ्याकडे पाहिलं असतं तर ते बाहेर पडलं असतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून ट्रंकेचं बोलले.

आणि पुरणयंत्राला अडगळ म्हणतेस? ते माझ्या आईचं. तिगावहून माझ्याबरोबर आलं. एवढ्या वर्षांत सासूबाईंना, नणंदांना, कुणालाही मी ते उसनं दिलं नाही. तुझ्या ट्रंकेत तळाशी चण्याची डाळ आहे, गूळ आहे, जायफळ आहे. सणाला सून परक्या देशात हात रिकामे ठेवून बसू नये, म्हणून मी ती रात्र जागून भरली होती. सांगायला हवं होतं. पण मला तोंडानं जमत नाही गं. अक्षरं शिकले तीच जेलात पत्र पाठवायला, तेव्हापासून माया कागदावरच उतरते.

गोड बोलायचं राहून गेलं, हे मात्र खरं. तू नऊ महिन्यांत एकदाही माझं ताट मी बसायच्या आधी वाढायला विसरली नाहीस. मी पाहत होते. उपकार मानायला पाहिजे होते, ते आज मानते.

जेवत जा.

केसरबाई


मँचेस्टर,
सोमवार, २२ ऑक्टोबर १९५६

ती. आई,

आजपासून असंच लिहिणार आहे.

तुमचं पत्र हातात घेऊन मी खाली गेले आणि मिसेस हार्टलींना म्हटलं, मला तुमची चूल एक दिवस द्या. का, म्हणाल्या. एक पाहुणा सात आठवड्यांपासून उपाशी आहे, म्हटलं. मग काल रविवारी आम्ही सगळे कामाला लागलो. डाळ निघाली, तिच्यात पोरकिडे निघाले, तेही आपलेच म्हणून मला त्यांचा राग आला नाही. जायफळ तुमच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं होतं. ती चिंधी मी ओळखली. उशीखाली ठेवली आहे.

यंत्र ट्रंकेतून काढून मी चिंचेऐवजी लिंबू लावून घासलं. सोन्यासारखं निघालं. मिसेस हार्टलींनी आधी विचारलं, हे कपडे पिळायचं का? मग कळल्यावर दांडा माझ्या हातातून काढून घेतला आणि सगळं पुरण त्यांनीच फिरवलं. हे कणीक मळत होते. तुमचा मुलगा कणीक मळतो हे तुम्हाला कळवू नको असं त्यांनी मला बजावलं आहे. पहिल्या तीन पोळ्या फुटल्या. चौथी फुगली तेव्हा मी ओरडले.

पाऊस होताच. एका छत्रीत तिघं, पोळ्यांचा डबा माझ्या पोटाशी. रखवालदारानं मला ओळखलं. म्हणाला, "उशीर केलात, बाईसाहेब. जॉर्ज त्या दिवशी वाट पाहत होता." नत्थूजींना हे जरूर सांगा, त्यांचंच खरं निघालं. बागेतल्या जनावराला बाहेरचं काही द्यायचं तर आधी तो स्वतः पाहतो. त्यानं एक पोळी मोडून तोंडात टाकली, मग दुसरी मोडली. हे म्हणाले, आता बैलाला उरतंय की नाही!

मी वाटीत हळद-तूप नेलं होतं. खांद्यावर लावलं. जू नसलेला खांदा चोळताना आधी ओशाळल्यासारखं झालं, यानं कधी राबून काही केलंच नाही. मग वाटलं, नांगर नसेल ओढला, पण पावसात उभा राहून परक्या लोकांच्या नजरा ओढतो बिचारा, तेही ओझंच. आणि माझं तर त्यानं केलंच आहे. त्या दिवशी तो भेटला नसता तर मी तुम्हाला अजून "मी मजेत आहे" असंच लिहीत राहिले असते. त्यानं पोळी हुंगली, जीभ बाहेर काढली आणि माझ्या बांगड्यांसकट हात चाटून घेतला. सहाच्या सहा खाल्ल्या. रखवालदारानं टोपी काढून हातात धरली होती, पावसात, का कोण जाणे. मी त्या चौघांसमोर रडले, पण ते पांघरुणातलं रडणं नव्हतं.

आई, तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत. एकच लिहिलं नाहीत. "परत या" असं लिहिलं नाहीत. मला त्याचं कारण कळतं. तुम्हाला कुणाची दमणी अडवायची नाही. पण अडवणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. बोलावल्याशिवाय यायचं ते पाहुण्यासारखं, आणि नाही आलं तर विसरल्यासारखं. हे अजून म्हणतात, तू सांगशील तसं. मला सांगायचं आहे, पण आधी एकदा मला बोलवा ना.

उर्मिला


सौंसर,
शुक्रवार, २ नोव्हेंबर १९५६, लक्ष्मीपूजन

चि. सौ. उर्मिलेस आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. काल आणखीही बरंच आलं. विनायक सकाळीच वर्तमानपत्र नाचवत आला की आजपासून राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपलं सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं, आणि राजधानी म्हणे भोपाळला. मी पाट्यावर वाटण वाटत होते. तू समुद्र ओलांडून परदेशी गेलीस, मी पाट्यावरून न उठता सीमेवर येऊन बसले. नत्थूजी विचारत होते, "म्हंजे आता सावनेरच्या बाजाराले जाऊन राहिलो त परराज्यात जाऊन राहिलो मनाव का?" म्हटलं, म्हणा. बैलांना सांगू नका म्हणजे झालं.

तेव्हा तुझं काटोलचं माहेरही कालपासून परराज्यात गेलं. आमचं बोलणं तेच, संत्री तीच, बस तीच, पण कुणीतरी कागदावर ठरवतं आणि माणूस इकडचं तिकडचं होतं. म्हणून म्हटलं, आपल्या घरातलं जे आहे ते तरी आपण कागदावर नीट लिहावं.

बैलाचं वाचून नत्थूजींनी डोळे पुसले आणि चिलमीच्या धुराचं निमित्त सांगितलं. अरविंद कणीक मळतो हे मला कळलेलं नाही, असं त्याला सांग.

आता तू म्हणतेस बोलवा. काल रात्रीपासून विचार करते आहे, कसं बोलवावं. मला लाघवी बोलता येत नाही. या घरात मानानं बोलावण्याची एकच रीत मी जन्मभर ऐकली. बैलाला म्हणतात ते सुनेला लिहिते, रागावू नकोस. वर्षभर जे राबतात आणि तोंडानं काही मागत नाहीत, त्यांच्यासाठीच ते शब्द आहेत. तुझ्या खांद्याला हळद-तूप इथून लावता येत नाही, म्हणून पुढच्या ओळीला बोटानं लावते आहे. डाग पडेल, पडू दे.

उर्मिला, आज आवतन घे. उद्या जेवायला ये.

तुझं उद्या जूनमध्ये उजाडलं तरी मी वाट पाहीन. राहायचं ठरलं तरी आवतन मागे घेणार नाही, ते शिळं होत नाही हे मी तुला आधीच लिहिलं आहे. पण खरं विचारशील तर माझं अडतं.

तुझी आई,
केसरबाई


मँचेस्टर,
१३ नोव्हेंबर १९५६

ती. आई,

पत्र आलं तेव्हा पाकिटाबाहेरूनच तूप दिसत होतं. पोस्टमननं नाक मुरडलं. मी तो डाग आधी हुंगला आणि मग पत्र वाचलं.

यांनी आज गिरणीला नाही म्हणून कळवलं. जूनमधल्या बोटीची चौकशी करतो आहोत. येत्या वर्षी पोळा ऑगस्टात आहे, त्याच्या आधी येतो. बैलांना आवतन नत्थूजींनी द्यावं. पुरण मी करीन, आणि मला ताट तुम्ही वाढा.

जॉर्जलाही हे सांगून आले. पुरणयंत्र ट्रंकेत टाकणार नाही, मांडीवर घेऊन येणार आहे.

तुमची उर्मिला